नजर कुठे थांबली ते सांगा: हौशी छायाचित्रकारांनी अभिप्राय कसा द्यावा आणि कसा घ्यावा

डिसेंबरातल्या पहाटे नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठावर पोहोचलेला, गाळात कोपरे रुतवून दोन तास पालथा पडून राहिलेला आणि शेवटी रोहित पक्ष्यांचा थवा उडताना ज्याला मिळाला, असा माणूस ते छायाचित्र घरी येऊन पाहतो तेव्हा त्याला त्यात पहाटेची थंडी, पंखांचा आवाज आणि वाट पाहतानाची तगमग असे सगळे दिसत असते. तेच छायाचित्र दुसऱ्याच्या हाती दिले, तर त्याला करड्या पाण्यावर पंधरा-वीस फिकट ठिपके दिसतात. दोघांपैकी कुणीही खोटे बोलत नसतो. काढणाऱ्याला तो दिवस आठवतो आणि पाहणाऱ्यासमोर फक्त चौकट असते. आपण काढलेल्या छायाचित्रात त्या दिवशी तिथे नसलेल्या माणसाला काय दिसते, ही एकच गोष्ट काढणाऱ्याला स्वतःच्या बळावर कधीही कळू शकत नाही, आणि तेवढ्यासाठीच अभिप्रायाची गरज असते. पुढे जे काही सांगितले आहे ते सगळे याच एका कारणातून आले आहे.

मराठवाड्यात हौशी छायाचित्रकारांचे छोटे-छोटे गट आता बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी आहेत. शिक्षक, बँकेतले कर्मचारी, औषधांचे दुकानदार, महाविद्यालयीन विद्यार्थी असे लोक सुटीच्या दिवशी वेरूळ, दौलताबाद, नळदुर्ग किंवा नायगावच्या मयूर अभयारण्याकडे जातात आणि रात्री फोटो ग्रुपवर टाकतात. मग 'एक नंबर', 'कडक', 'लई भारी सर' असे शेरे आणि अंगठे येतात. याला दाद म्हणतात आणि दाद वाईट नाही. मैफलीत दाद मिळाली नाही तर गाणाऱ्याचा जीव लहान होतो, तसेच इथेही होते. मात्र दाद मिळाल्यावर माणसाला आनंद होतो आणि अभिप्राय मिळाल्यावर त्याला माहिती मिळते, हा फरक विसरून चालणार नाही. पाच वर्षे केवळ दाद मिळवलेल्या माणसाची पाचव्या वर्षाची छायाचित्रे पहिल्या वर्षासारखीच असल्याचे मी अनेकदा पाहिले आहे, आणि त्याचा दोष त्याच्याइतकाच आम्हा पाहणाऱ्यांचाही आहे.

छायाचित्र कसे समोर ठेवावे

अभिप्राय हवा असेल तर तीनपेक्षा जास्त छायाचित्रे आणू नयेत. चाळीस आणली की पाहणारा बोटाने सरकवत जातो आणि शेवटी 'छान आहेत' एवढेच म्हणतो. शक्य असेल तर आठ बाय बारा इंचांची छापील प्रत आणावी, कारण कागदावर सगळ्यांना एकच चित्र दिसते, तर प्रत्येकाच्या मोबाइलचा पडदा रंग आणि उजेड वेगळा दाखवतो. मोबाइलवरूनच पाठवायचे असेल तर व्हॉट्सॲपवर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. साधा फोटो म्हणून पाठवला की त्याचा आकार घटतो, बारकावे पुसले जातात, आणि मग कुणीतरी 'शार्प नाही' म्हणतो व काढणारा विनाकारण लेन्सला दोष देतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, छायाचित्र समोर ठेवताना त्याची कहाणी सांगू नये. 'हे बघा, इथे पोहोचायला आम्हाला तीन किलोमीटर चालावे लागले' असे एकदा म्हटले की पाहणाऱ्याच्या डोळ्यांतही ती वाट उतरते आणि जी कोरी नजर आपल्याला हवी होती ती हातची जाते. कहाणी नंतर सांगायला भरपूर वेळ असतो.

पाहणाऱ्याने काय करावे

छायाचित्र समोर आल्यावर निदान एक मिनिट काहीही बोलू नये. एक मिनिट ऐकायला थोडे वाटते, पण घड्याळ लावून पाहिले तर ते फार मोठे असते, आणि त्या वेळात पहिल्या दहा सेकंदांत न दिसलेले बरेच काही दिसू लागते. नंतर सर्वांत आधी नजरेचा प्रवास सांगावा: माझी नजर आधी कुठे गेली, मग कुठे वळली, कुठे थांबली आणि चौकटीतून कुठून बाहेर पडली. यात चांगले-वाईट काहीच नसते, म्हणून सांगणाऱ्याला संकोच वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही लागत नाही. शिवाय नजरेचा हा प्रवास सांगायला कॅमेऱ्याचे ज्ञान लागत नाही. घरातली आई, शेजारचे काका, ज्यांनी कधी कॅमेरा हातात धरला नाही तेही तो सांगू शकतात, आणि त्यांचे सांगणे बरेचदा आम्हा जाणकारांपेक्षा उपयोगी ठरते, कारण आमची नजर आधी तांत्रिक चुका शोधायला धावते.

एक उदाहरण जवळून पाहू. आमच्या गटाच्या बैठकीत एका विद्यार्थिनीने वेरूळच्या सोळाव्या लेण्याचे, म्हणजे कैलास मंदिराचे छायाचित्र आणले होते. अंगणातला दगडी हत्ती, त्याच्यामागे ध्वजस्तंभ आणि वर आकाशाची पट्टी. बँकेत काम करणाऱ्या एका ताईंनी सांगितले, 'माझी नजर आधी वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या भागाकडे गेली आणि पुन:पुन्हा तिकडेच जाते आहे, हत्ती मला नंतर दिसला.' हे एकच वाक्य पुरेसे होते. आम्ही सगळे त्या कोपऱ्याकडे पाहू लागलो, तेव्हा तिथे आकाश पूर्ण पांढरे पडून गेलेले दिसले. स्टुडिओवाल्यांच्या भाषेत ते 'ओव्हर' झाले होते. मग कारणाचा शोध घेता आला. कैलास मंदिर पश्चिमाभिमुख आहे आणि डोंगर वरून खाली कोरत नेल्यामुळे ते कड्यांच्या आत खोल बसलेले आहे. सकाळी दहा वाजता अंगण सावलीत असते आणि वरचे आकाश मात्र लखलखीत असते. काळ्या बेसॉल्टचा तपशील यावा म्हणून एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, वाढवले की आकाश जाते, आणि आकाश सांभाळले की हत्ती काळाठिक्कर पडतो. यावर उपाय तीन: आकाश चौकटीत येऊच द्यायचे नाही, किंवा रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइलमध्ये) आकाशासाठी एक्सपोजर धरून सावलीचा भाग नंतर उजळायचा, किंवा दुपार कलल्यावर, ऊन समोरून येऊ लागल्यावर पुन्हा जायचे. तिने तिसरा उपाय निवडला.

या प्रसंगात क्रम कसा होता ते ध्यानात घ्यावे. आधी नजर कुठे गेली ते कळले, मग चौकटीतली नेमकी जागा, मग कारण आणि सर्वांत शेवटी उपाय. अभिप्राय देताना आपण बहुतेक वेळा थेट उपायापासून सुरुवात करतो. 'क्रॉप कर', 'काँट्रास्ट वाढव', 'ब्लॅक अँड व्हाइट करून बघ' असे सांगितले जाते आणि दुखणे काय होते ते कुणालाच कळत नाही. तसेच 'फील येत नाही', 'पंच नाही', 'काहीतरी कमी आहे' ही वाक्ये मनातून आलेली असली तरी ती छायाचित्रावर बोट ठेवून दाखवता येत नाहीत. जे बोट ठेवून दाखवता येत नाही ते बोलण्याआधी स्वतःलाच विचारावे, की मला असे वाटायला लावणारी जागा या चौकटीत कुठे आहे. बहुतेक वेळा ती जागा सापडते, आणि सापडली नाही तर थांबावे.

नजरेचा प्रवास सांगून झाल्यावर दुसरा प्रश्न काढणाऱ्याला विचारायचा असतो: 'तुम्हाला यात काय दाखवायचे होते?' हा प्रश्न गाळला तर उत्तम जाणकाराचा सल्लाही वाया जातो. धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवर जो बंधारा आहे, ज्याच्या पोटात पाणीमहाल आहे, त्यावरून पावसाळ्यात नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात. तिथले एक छायाचित्र आमच्याकडे आले होते, शटर स्पीड, म्हणजे शटर उघडे राहण्याचा वेळ, एक साठांश सेकंद. पाणी रेशमासारखे मऊही नव्हते आणि थेंब न् थेंब गोठलेलाही नव्हता, नुसते गढूळ आणि अस्पष्ट दिसत होते. आमच्यातले दोघे लगेच म्हणाले की ट्रायपॉड लावून, लेन्सवर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर चढवून अर्धा-एक सेकंदाचे शटर द्यायला हवे होते. सल्ला चुकीचा नव्हता. पण काढणाऱ्याला विचारले तेव्हा ते म्हणाले, 'मला पाण्याचा जोर दाखवायचा होता, ते अंगावर येते तसा.' जोर दाखवायचा तर उलट दिशेला जावे लागते. एक पाचशेअंश किंवा त्याहून वेगवान शटर हवे, म्हणजे उसळणारा थेंब हवेत थांबतो, आणि चौकटीत एखादा माणूस किंवा कठडा असा आला पाहिजे की पाण्याच्या उंचीचा अंदाज यावा. त्यांचा हेतू विचारला नसता तर आम्ही त्यांना मऊ, शांत धबधब्याकडे पाठवले असते आणि ते छायाचित्र त्यांचे उरले नसते.

तिसरी गोष्ट परिस्थितीची. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या छायाचित्राला 'नॉइज फार आहे', म्हणजे चित्रात दाणे फार दिसतात, असे म्हणणाऱ्याला हे माहीत असायला हवे की तिथे फ्लॅश वापरायला मनाई आहे, ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते आणि चित्रे जपण्यासाठी उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो. अशा जागी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, वाढवण्याला पर्याय नसतो, आणि ती वाढवली की दाणे येतातच. तेव्हा उपयोगाचे बोलायचे तर असे बोलावे की हात हलल्याने चेहरा पुसट झाला आहे, आयएसओ आणखी वाढला तरी चालेल पण कोपरे बरगड्यांशी टेकवून, श्वास रोखून एकापाठोपाठ पाच-सहा क्लिक घ्यावेत, त्यातला एखादा स्थिर निघतो.

एका छायाचित्राबद्दल दोनच गोष्टी बोलाव्यात, एक जी तशीच राहावी आणि एक जी बदलावी. 'हा हत्तीच्या पाठीवरचा उजेड राहू दे' असे नेमके सांगितले नाही, तर काढणारा पुढच्या खेपेला चूक दुरुस्त करताना चांगले होते तेही घालवून बसतो.

भीड आणि मान

आपल्याकडे खरी अडचण तंत्राची नसून नात्याची असते. गटात कुणी आपले माजी शिक्षक असतात, कुणी वडिलांचे मित्र, कुणी ज्यांच्या कॅमेऱ्यावर आपण पहिल्यांदा शिकलो ते दादा. त्यांच्या छायाचित्रात खोट दिसली तर बोलावे कसे? भीड ही भिकेची बहीण असे आपण म्हणतो, तरी वडीलधाऱ्यांसमोर जीभ उचलत नाही, आणि ती उचलू नये असेच आपल्याला शिकवलेले असते. माझा अनुभव असा आहे की नजरेचा प्रवास सांगण्याची रीत इथे सर्वांत जास्त कामी येते. 'सर, तुमचे क्षितिज तिरके आहे' हा निवाडा होतो. 'सर, माझी नजर या डाव्या मिनारावरून घसरून बाहेर जाते आहे, इथे काही झाले असेल का?' हा प्रश्न होतो, आणि सर स्वतःच चष्मा वर करून त्या मिनाराकडे पाहू लागतात. बीबी का मकबऱ्याच्या छायाचित्रांत हे नेहमी होते. खालून वर कॅमेरा झुकवला की कोपऱ्यातले मिनार एकमेकांकडे कललेले दिसतात. मागे सरकून कॅमेरा सरळ धरणे, किंवा सॉफ्टवेअरमध्ये रेषा उभ्या करता याव्यात म्हणून चारही बाजूंना जागा सोडून ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे. उपाय सरांना ठाऊकही असतो, फक्त दोष कुठे आहे हे दिसलेले नसते.

वडीलधाऱ्यांनीही आपल्या मानाचे वजन ओळखावे. एक चूक माझ्या हातून झाली आहे आणि ती मला अजून सलते. गटात नव्याने आलेल्या एका मुलाने माळेगावच्या यात्रेतले त्याच्या आजोबांचे छायाचित्र आणले होते, घोड्याचा लगाम धरून उभे असलेले. मी सगळ्यांसमोर, दहा सेकंदांच्या आत, 'क्षितिज तिरके आहे, आधी कॅमेरा सरळ धरायला शीक' असे म्हणून गेलो. तो काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बऱ्याच दिवसांनी ग्रुपवर ते छायाचित्र पुन्हा माझ्या समोर आले तेव्हा मला आजोबांच्या मागे तंबूचा बांबू दिसला. तो चौकटीच्या कडेला अगदी समांतर होता. म्हणजे कॅमेरा सरळच होता, जमीन उताराची होती. एक मिनिट गप्प राहून पाहिले असते तर तो बांबू मला तेव्हाच दिसला असता. मी त्याला फोन करून चूक कबूल केली. तो नम्रपणे बोलला, पण परत आला नाही. तेव्हापासून नवख्या माणसाच्या छायाचित्रावर मी सर्वांत शेवटी बोलतो, आणि आमच्या बैठकीत बोलण्याचा क्रम वयाने लहान असलेल्यापासून सुरू होतो. मोठा माणूस आधी बोलला की बाकीच्यांची नजर त्याच्या मागे जाते.

माणसांची छायाचित्रे

या प्रांतात एक विषय असा आहे की त्यावर अभिप्राय देताना प्रकाश आणि रचना यांच्यापलीकडे जावेच लागते. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा आणि त्याच्या मागच्या-पुढच्या उन्हाळ्यांत आमच्यापैकी अनेकांनी भेगाळलेल्या जमिनी, टँकरभोवतीची झुंबड आणि डोक्यावर दोन-दोन घागरी घेतलेल्या बायका टिपल्या. त्यांतली काही छायाचित्रे रचनेने देखणी होती, आणि त्यामुळेच मन अस्वस्थ होत होते. अशा छायाचित्रासमोर मी एक प्रश्न विचारतो आणि इतरांनीही विचारावा असे मला वाटते: यातल्या बाईसमोर हे छायाचित्र ठेवता येईल का? ठेवता येत असेल तर तिचे नाव, गावाचे नाव आणि ती कुठून कुठे पाणी नेत होती हे काढणाऱ्याला माहीत असते, कारण तो तिच्याशी बोललेला असतो. ठेवता येत नसेल तर एक्सपोजरबद्दल बोलण्यात अर्थ नाही. भेगाळलेल्या जमिनीच्या छायाचित्राला मात्र मी स्पष्ट सांगतो की हे आम्ही शंभरदा पाहिले आहे, या शेतावर त्या वर्षी कोणते पीक होते आणि कुणाचे, ते चौकटीत आण.

पक्ष्यांच्या घरट्यांचेही तसेच. पिलांना भरवणाऱ्या पक्ष्याच्या जवळून काढलेल्या छायाचित्राला दाद देऊ नये, मग ते कितीही शार्प असो, कारण त्या दादेमुळे पुढच्या आठवड्यात आणखी चारजण त्याच घरट्याकडे जातात. अनेक स्पर्धाही आता घरट्यांची छायाचित्रे स्वीकारत नाहीत.

अभिप्राय घेणाऱ्याने

अभिप्राय घेणे हे देण्यापेक्षा अवघड आहे. पहिला नियम मौनाचा. समोरचा बोलत असताना 'नाही, त्याचे असे झाले की' हे वाक्य ओठांवर येते, ते गिळावे. जे कारण आपण सांगणार असतो ते चौकटीत नसते, आणि पाहणारा फक्त चौकटीबद्दल बोलत असतो. वही घेऊन बसावे आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, आपल्या शब्दांत बदलून नव्हे. 'पांढरा कोपरा ओढतो' हे त्याने म्हटलेले आपण 'आकाश ओव्हर' असे लिहिले की दोन आठवड्यांनी नेमके काय खटकले होते ते उरत नाही. आपण मात्र एक प्रश्न जरूर विचारावा, आणि तो नेमका असावा. 'कसा वाटला?' असे विचारले की 'छान' हेच उत्तर येते. 'आजोबा आधी दिसतात की घोडा?' असे विचारले की उत्तर देणाऱ्याला पुन्हा नीट पाहावे लागते.

सगळे अभिप्राय पाळायचे नसतात. ज्यांना एकमेकांचे बोलणे ऐकू आलेले नाही अशा तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवले, तर ती जागा खरीच खटकते असे धरावे, मग त्यांनी सुचवलेले उपाय तीन वेगळे का असेनात. दोष दाखवण्यात पाहणारे सहसा चुकत नाहीत, उपाय सांगण्यात चुकतात, कारण उपाय प्रत्येकजण स्वतःच्या सवयीप्रमाणे सांगतो. लग्नाचे फोटो काढणारे भाऊ चेहरा उजळायला सांगतील, पक्ष्यांचे छायाचित्रकार मोठी लेन्स घ्यायला सांगतील. दोष त्यांच्याकडून घ्यावा आणि उपाय आपला शोधावा. जिथे आपला हेतूच पाहणाऱ्याला नको असतो, तिथे त्याचे आभार मानून आपल्या वाटेने जावे, मात्र त्याआधी एक रात्र जाऊ द्यावी, कारण त्या दिवशी आपल्याला हेतू आणि हट्ट यांतला फरक कळत नाही.

मग त्याच जागी पुन्हा जावे. हे सर्वांत कमी लोक करतात. आपली ठिकाणे दूर नाहीत, एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परतता येते, फक्त वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतो एवढे लक्षात ठेवावे. जाताना वहीतले ते वाक्य सोबत न्यावे आणि पहिले छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे, म्हणजे उभे राहण्याची जागा तीच सापडते आणि बदल नेमका कशाने झाला हे कळते.

कैलास मंदिराचे छायाचित्र आणणारी ती विद्यार्थिनी तीन आठवड्यांनी दुपारी चारला तिथे पुन्हा उभी राहिली. या वेळी तिने आकाश चौकटीबाहेर ठेवले आणि कलते ऊन हत्तीच्या पाठीवर येईपर्यंत थांबली. पुढच्या बैठकीत तिने दोन्ही प्रती टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या आणि काहीच बोलली नाही. त्याच ताईंनी मिनिटभर पाहिले आणि दुसऱ्या प्रतीवर बोट ठेवून म्हणाल्या, 'आता हत्ती आधी दिसतो. मग ध्वजस्तंभ. पण इथे पायाशी कुणाची तरी पाण्याची निळी बाटली राहिली आहे बघ.' तिने वही उघडली आणि लिहून घेतले: निळी बाटली, पायाशी.